हंगाम संपेपर्यंत

“सुरू हो ना गं... आजचा दिवस फक्त! उद्यापासून हवी तेवढी रुसून बस.”

गाडीने एकदा घसा खाकरला, दिव्यांनी डोळे मिचकावले आणि सगळं कसं शांत झालं. लारिसाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. बाहेर उणे चौतीस. ऊन मात्र असं लख्ख की बर्फाकडे बघवत नव्हतं. आइस हॉकीच्या रिंकच्या आवारात गाड्यांसाठी खांबाखांबाला प्लग असतात. इंजिन गोठू नये म्हणून आल्या आल्या वायर खोचायची, मगच आत जायचं. ग्रेलिंगमध्ये जानेवारीत हे विसरतात ती फक्त नवखी माणसं. आणि लारिसा पेट्रिशिन तर इथेच जन्मून वीस वर्षांची झाली होती!

पण आज तिचं डोकंच ठिकाणावर नव्हतं. बारा वाजता तिला रेडिओवर खेळाच्या बातम्या द्यायच्या होत्या, आणि बातमी अशी होती की सांगताना जीभ अडखळावी.

काचेवर टकटक झाली.

बाहेर एक उंच आकृती उभी होती. कानटोपी, नाकापर्यंत ओढलेला गळपट्टा, भुवयांवर पांढरं दव गोठलेलं... आणि मधोमध दोन काळेभोर, हसरे डोळे.

“गेली?” त्याने विचारलं.

“कोण?”

“गाडी.”

“गेल्यातच जमा.”

“थांब. माझ्याकडे केबल आहे.” तो आपला जुना पिकअप घेऊन आला, नाकाला नाक भिडवून उभा केला, आणि दोन्ही गाड्यांची बॉनेटं उघडून वाकला. लारिसा खाली उतरली. हातमोजे आत रिंकवरच विसरले होते, म्हणून ती बोटांवर फुंकर मारत उभी राहिली.

“गाडीसाठी एवढं रडतं का कोणी?” तो वाकूनच म्हणाला.

“मी रडत नाहीये. थंडीने पाणी येतंय डोळ्यांतून.”

“गालावर गोठलंय ते.”

तिने झटकन गाल पुसला. आणि मग काय झालं कोण जाणे – अनोळखी माणसापाशी मन मोकळं करणं सोपं असतं म्हणा, की त्या डोळ्यांचा दोष म्हणा – तिच्या तोंडाचा बांध फुटला.

“मॅकॉलीला दिला त्यांनी! आणि बारा वाजता रेडिओवर हे मलाच सांगायचंय! आमच्या बॅजर्सचा सगळ्यात चांगला खेळाडू, आणि ऐन हंगामात दिला दुसऱ्या संघाला! बदल्यात कोण आणलाय माहितीये? तळाच्या संघाचा गोलकीपर. चाळणी आहे नुसती, चाळणी! पीठ गळावं तसे गोल गळतात त्याच्यातून.”

“अरे बापरे.” त्याने एक चिमटा बॅटरीला लावला. “नाव काय त्या चाळणीचं?”

“व्हर्मेट. लुसियें व्हर्मेट.”

“नाव तरी बरं आहे.”

“नावाने चकती अडत नसते.”

“तेही खरंच.” तो सरळ झाला, तिच्या लाल झालेल्या बोटांकडे बघितलं आणि आपले जाडजूड हातमोजे काढून सरळ तिच्या हातांत घातले. एका क्षणापुरते त्याचे उघडे तळवे तिच्या मनगटांना लागले... उणे चौतीसमध्ये माणसाचे हात इतके गरम असतात? “आता बस आणि चावी फिरव.”

गाडी पहिल्याच झटक्यात घुरघुरली. लारिसा आनंदाने ओरडलीच. हातमोजे परत द्यायला ती त्याच्या पिकअपपाशी गेली. तो केबल गुंडाळून मागे टाकत होता आणि तिथली ताडपत्री वाऱ्याने अर्धी उडाली होती. खाली दोन प्रचंड, उशीसारखे जाड पायपट्टे. गोलकीपरचे.

लारिसाने ताडपत्रीखाली बोट दाखवलं. “हे... हे कुणाचे?”

“चाळणीचे,” तो म्हणाला. गळपट्टा खाली सरकला होता, आणि हसू आता पूर्ण दिसत होतं. “बारा वाजता ऐकतो तुझ्या बातम्या. जरा जपून चाळ मला.”

*

स्टुडिओत पोचेपर्यंत तिचे कान जळत होते. ग्रेलिंगचं रेडिओ स्टेशन म्हणजे बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे चाळीस वर्षं विल्फ डॅनियल्सचा आवाज घुमला होता. शरद ऋतूत विल्फच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाजाची नुसती कुजबुज उरली, आणि बॅजर्सच्या सामन्यांचं समालोचन ‘कोणी बरा माणूस मिळेपर्यंत’ लारिसाकडे आलं. मुलीच्या आवाजात हॉकी? गावातले निम्मे लोक अजून नाक मुरडत होते. मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, हंगाम संपला की ठरवू.

लाल दिवा लागला. लारिसाने बातमी वाचली. मॅकॉली गेला, व्हर्मेट आला, कोच काय म्हणाले... आवाज कुठेही हलला नाही. फक्त शेवटी, कागद संपल्यावर, तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं –

“नवे गोलकीपर सकाळीच गावात पोचलेत. हात... हात गरम आहेत त्यांचे.”

विल्फच्या कपातली कॉफी टेबलावर सांडली.

“पोरी,” दिवा विझल्यावर तो कुजबुजला, “त्याचे हात गरम आहेत हे रेडिओला कसं कळलं?”

“तुम्ही गप्प बसा हो, विल्फ.”

“मी गप्पच आहे. डॉक्टरांनीच बसवलंय. पण गाव बसणार नाही.”

गाव कसलं बसतंय! शुक्रवारच्या सामन्याला मंडळी गोधड्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन बाकांवर येऊन बसली, तेव्हा गोलच्या मागे कोणीतरी पुठ्ठ्याचा फलक धरला होता : ‘गरम हात!’ लारिसाने छताजवळच्या आपल्या लाकडी मचाणावरून तो वाचला आणि माइकच्या मागे तोंड लपवलं.

आणि मग सामना सुरू झाला, आणि ती सगळं विसरली.

कारण हा मुलगा चाळणी नव्हता. आधीच्या संघात त्याच्यापुढे बचावालाच कोणी नव्हतं, एवढंच. चकती बंदुकीच्या गोळीसारखी यायची आणि तो अगदी सावकाश, जणू झाडावरचं फळ तोडतोय असा हात उचलायचा... की चकती त्याच्या पंज्यात! “व्हर्मेट!” लारिसा ओरडत होती. “पुन्हा व्हर्मेट! अहो, हा माणूस झोपलाय की काय? याला घाई म्हणून नाहीच!” बॅजर्स जिंकले. सगळं रिंक पायांनी फळ्या बडवत होतं.

सामन्यानंतरची मुलाखत थेट प्रसारणात असे. तो घामाने निथळत, केस कपाळाला चिकटलेले, तिच्यासमोर उभा राहिला.

“आजच्या विजयाचं रहस्य काय?” तिने अगदी कोरड्या आवाजात विचारलं.

“सगळ्या पोरांनी मेहनत घेतली. साधं खेळलो. एका वेळी एकच सामना.” हॉकीचा प्रत्येक खेळाडू प्रत्येक मुलाखतीत हेच बोलतो. पण मग तो माइककडे जरा वाकला. “समालोचकांचं काय मत आहे? पीठ गळलं का आज?”

“चिमूटभर,” ती म्हणाली. “दुसऱ्या सत्रात.”

“तेवढं पोळपाटावर टाकायला लागतंच.”

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात गल्ल्यावरच्या बाईने लारिसाला विचारलं, “काय गं, परवाच्या मुलाखतीत काय विचारणार आहेस?”

*

बॅजर्स जिंकत सुटले. फेब्रुवारीभर बस त्या पांढऱ्याशुभ्र माळरानातून गावोगाव धावत होती. पुढच्या बाकावर कोच आणि लारिसा, मागे पोरांचा दंगा. बस पेट्रोलला थांबली की लुसियें दोन कॉफी घेऊन यायचा आणि एक काही न बोलता तिच्या खिडकीपाशी ठेवून जायचा. पहिल्यांदा साखर जास्त होती. दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा अगदी बरोबर. त्यानंतर कधीच चुकली नाही.

आणि प्रत्येक सामन्यात, खेळ सुरू होण्याआधी, तो गोलच्या खांबांवर स्टिक टेकवायचा, मुखवटा वर करून पाण्याचा घोट घ्यायचा आणि नजर... वर मचाणाकडे. अगदी पळभर. लारिसाचा पुढचा शब्द दर वेळी घशात अडकायचा.

विल्फच्या नजरेतून काय सुटतंय! एके दुपारी त्याने तिला समोर बसवलं.

“मुलगा चांगला आहे,” तो कुजबुजला. “माझं म्हणणं एवढंच. लोक डोळे मिटून आपल्यावर विश्वास टाकतात. शब्दशः डोळे मिटून! आपण सांगू तेच त्यांना दिसतं. एकदा का कोणी म्हणालं, ही आपल्या माणसाची वाहवा करते, की तुझा शब्द गेला. आणि मुलीचा शब्द घालवायला हे गाव टपलेलंच आहे.”

लारिसाने नुसती मान हलवली. कारण तो खरं बोलत होता.

रविवारी ती डोरीन आंटीच्या शेतावर गेली. बाहेरगावाहून आलेली पोरं हंगामभर गावातल्याच घरांत राहतात, आणि लुसियें डोरीनकडे होता. ओट्यावर पेरोगीचं पीठ लाटलेलं होतं. मध्ये बटाटा आणि चीज भरायचं, कडा चिमटून बंद करायच्या. लुसियें ते काम इतक्या वाईट पद्धतीने करत होता की निम्मे पेरोगी हसत असल्यासारखे उघडे पडले होते. डोरीन आंटीने लारिसाचा चेहरा बघितला आणि म्हणाली, “कोंबड्यांचं पाणी गोठलं असेल, बघून येते,” आणि अंगात कोट घालून निघून गेली. चांगलीच लांब.

“मला काही सांगायचंय,” लारिसा म्हणाली.

“मलाही.”

“आधी मी. हंगाम संपेपर्यंत... काही नाही.”

तो थांबला. हातातला पेरोगी तसाच. “काही नाही म्हणजे, नक्की काय काय नाही?”

“हात धरायचा नाही.”

“बरं.”

“दोघांनीच कुठे जायचं नाही. कॉफी आणायची नाही.”

“कॉफीसुद्धा?” तो कळवळला. “आणि बघायचं? बघितलं तर चालेल?”

“तू चकतीकडे बघ.”

“आणि तू?”

“तुझ्याकडे बघणं तर माझं कामच आहे,” ती म्हणाली, आणि पीठ लागलेल्या हातांनीच तिने तोंड झाकलं.

तो हसला, पण मग गंभीर झाला. “ठीक आहे. पण माझीही एक अट. माझी आई सामना बघू शकत नाही. मी लहान असताना ती बाहेर गाडीत बसून राहायची, सामना संपेपर्यंत. आता तिकडे गावी बसून तुझा रेडिओ ऐकते. परवा म्हणाली, ती मुलगी खरं बोलते. तर माझ्यासाठी तिच्याशी खोटं बोलू नकोस. वाईट खेळलो तर वाईट म्हण.”

“म्हणेन,” लारिसा म्हणाली.

त्या वेळी तिला ते सोपं वाटलं होतं.

*

मार्च संपता संपता बॅजर्स बाद फेऱ्या पार करत अंतिम फेरीत पोचले. समोर रेडफर्न, सलग दोन वर्षांचे विजेते. सातांपैकी चार सामने जिंकायचे, आणि पाच सामन्यांनंतर बॅजर्स तीन-दोनने पुढे. ग्रेलिंगची अवस्था काय सांगावी! दुकानांच्या काचा हिरव्या-पांढऱ्या रंगल्या, न्हाव्याने पोरांचे केस फुकट कापले, चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रवचन अर्ध्या तासात आटपलं. आणखी एक विजय, की करंडक घरी!

सहावा सामना रेडफर्नच्या रिंकवर होता. बरोबरी. शेवटची दोन मिनिटं. रेडफर्नच्या एका बचावपटूने, दमून, काहीच सुचेना म्हणून, मधल्या तांबड्या रेघेच्याही मागून चकती नुसती पुढे ढकलली. ती बर्फावरून घरंगळत आली... एक उसळी घेतली... आणि लुसियेंच्या दोन्ही पायांच्या मधून आत.

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग रेडफर्नचं रिंक फुटलं.

“गोल,” लारिसा म्हणाली. “हा गोल... हा व्हर्मेटने अडवायलाच हवा होता.” इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या छातीत काहीतरी उसळलं. “शाळेतल्या पोरानेही अडवला असता!”

परतीच्या बसमध्ये पोरं एकेक करून चढली. लुसियें तिच्या बाकावरून पुढे गेला. मान खाली, नजर खाली. दुसऱ्या दिवशी त्याचा पत्ता नव्हता. स्टेशनचा फोन मात्र खणखणत होता. “आपल्याच पोराला असं बोलतात होय?” एक जण. “खरं तेच बोलली, शाबास!” दुसरा. लारिसाला दोन्ही फोन सारखेच बोचत होते.

मग एक फोन आला. बाईचा आवाज, उच्चारात फ्रेंच गोडवा.

“मी सोलांज व्हर्मेट. लुसियेंची आई.”

लारिसा खुर्चीतून उभीच राहिली. “मॅडम, मी...”

“तुझं पहिलं वाक्य खरं होतं,” सोलांज म्हणाली. “दुसरं कशाला बोललीस?”

“मला राग आला होता. त्याच्यावर नाही... मला वाटलं, हे त्याच्या बाबतीत का व्हावं? आणि वाटलं की मी त्याची बाजू घेतेय असं कुणाला वाटायला नको, म्हणून...”

“म्हणून जरा जास्तच मारलंस.”

“हो.”

पलीकडे बाई चक्क हसल्या.

“एक सांगू? मी रेडिओवरच सामने ऐकत आलेय, कान तयार झालाय माझा. बाकी सगळ्या पोरांची नावं तू धडाधड घेतेस. माझ्या मुलाचं नाव घ्यायच्या आधी मात्र श्वास घेतेस. इतकुसा. जानेवारीपासून ऐकतेय. नवी नवरी नाव घेताना अडते ना, तसं. आणि मी एकटीच नाही ऐकत, पोरी. अर्धा प्रांत ऐकतो. तुला काय वाटलं, लपलंय?”

लारिसाला कुठे बघावं कळेना. खोलीत विल्फ होता, आणि तो खिडकीतून बाहेर, अतिशय लक्ष देऊन, रिकाम्या रस्त्याकडे बघत होता.

“मी उद्या येतेय,” सोलांज म्हणाली. “सातव्या सामन्याला. आत बसणार आहे या वेळी. कानात तू असशील तर जमेल मला.”

*

सामन्याच्या दिवशी सकाळी लारिसा रिंकवर गेली. सराव संपला होता. लुसियें एकटाच गोलसमोर गुडघ्यांवर बसून, समोरच्या फळीवर चकती आपटत आणि परत आलेली अडवत होता. ती बर्फावर बुटांनीच चालत गेली, दोनदा घसरली.

“दुसरं वाक्य मागे घेते,” ती म्हणाली. “शाळेच्या पोराचं. पहिलं नाही घेणार.”

त्याने मुखवटा वर सारला. डोळ्यांखाली काळं आलं होतं. “पहिलं मागे घेतलं असतंस तर मी बोललोच नसतो तुझ्याशी.”

“मग बसमध्ये माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस ते?”

“बघितलं असतं तर रडलो असतो, लारिसा. आणि माझ्या मागे वीस पोरं उभी होती.”

ती हसली आणि तिच्याच डोळ्यांतून पाणी आलं. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. दोघांनी ते तसंच ठेवलं. हंगाम अजून संपला नव्हता.

“आज वर बघू नकोस,” ती म्हणाली.

“आज बघणार. आज शेवटचा सामना आहे माझा या लीगमधला. एकवीस होतोय मी; इथे विशीपर्यंतचीच पोरं खेळतात. पुढच्या वर्षी मला घेणार नाहीत. मला हवं तिकडे बघेन मी.”

आणि संध्याकाळी त्याने बघितलं. पळभर नाही, चांगलं सावकाश. खाली बाकांवर कोणीतरी शीळ घातली.

तो सामना! ग्रेलिंगमध्ये अजून त्याची गोष्ट निघाली की माणसं जेवण विसरतात. आत पाय ठेवायला जागा नव्हती, व्हिनेगर शिंपडलेल्या फ्राइजचा वास, ओल्या लोकरीचा वास, ढोल, घंटा. पाचव्या ओळीत सोलांज व्हर्मेट कानात छोटा रेडिओ खुपसून, डोळे गच्च मिटून बसलेली, आणि तिचा हात डोरीन आंटीच्या हातात. निर्धारित वेळेत बरोबरी. जादा वेळेत बरोबरी. पुन्हा जादा वेळ! आता पहिला गोल करेल तो विजेता. रेडफर्न लाटांसारखे येत होते आणि लुसियें त्या लाटांपुढे... “व्हर्मेट! पायाने! व्हर्मेट, खांद्याने! अरे, आता कशाने अडवलं याने? पाठीने? मला दिसलंच नाही, मंडळी, पण चकती बाहेर आहे, चकती बाहेर आहे!” लारिसाचा आवाज फाटत होता. विल्फ तिच्या शेजारी बसून पाण्याचे पेले पुढे करत होता, आणि त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

मग रेडफर्नचा एक साधासा फटका आला. लुसियें बरोबर जागेवर होता, हात तयार होता. पण वाटेत बॅजर्सच्याच एका खेळाडूच्या स्केटला लागून चकती वळली. दुसऱ्या कोपऱ्यात. जाळीत.

संपलं.

ढोल थांबले. लारिसाने श्वास घेतला. या वेळी अख्ख्या प्रांताला ऐकू जाईल असा.

“गोल. रेडफर्न विजेते,” ती म्हणाली. “आणि लुसियें व्हर्मेट... मी शोधतेय, मंडळी. मी मनापासून चूक शोधतेय, कारण ते माझं काम आहे. मला एकही सापडत नाही.”

तो गुडघ्यांवर बसला होता, कपाळ बर्फाला टेकवून. आणि मग बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. हरलेल्यांसाठी. आधी एक ओळ, मग दुसरी, मग सगळं गाव उभं. हळूहळू तोही उठला.

विल्फने लारिसाच्या खांद्यावर हात ठेवला. “मालक आत्ता मागे येऊन गेले,” तो कुजबुजला. “पुढच्या वर्षीही तूच. त्यांनी विचारलं, याहून बरा माणूस मिळेल का. मी म्हटलं, शोधा.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन इतकं उबदार होतं की छपरांवरून पाणी गळत होतं आणि हंसांचे थवे ओरडत उत्तरेकडे निघाले होते. रिंकच्या मागच्या दाराने पोरं काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत आपापलं सामान भरून बाहेर पडत होती. हंगाम संपला की असंच असतं. मिठ्या, टपल्या, ‘फोन कर रे’... आणि गाड्या निघून जातात.

लुसियेंचा पिकअप भरलेला होता. पायपट्टे, स्टिका, पिशव्या. सोलांज चालकाच्या जागेवर बसून आरशात लिपस्टिक लावत होती. लारिसाला बघताच ती म्हणाली, “अगंबाई, पेट्रोल भरायचं राहिलं. मी आलेच,” आणि सामानासकट भुर्रकन निघून गेली. काटा चांगला वरपर्यंत होता, लारिसाने बघितलं होतं.

ते दोघंच उरले. मधे एक डबकं.

“हंगाम संपला,” तो म्हणाला.

“हो.”

“मग?”

लारिसाने तोंड उघडलं. शब्दांवर जिचं पोट चालतं, तिला शब्द सापडेना! “मी... म्हणजे तू... तू आता जाशील, आणि...”

“थांब.” तो हसला. “असं नको. तू काय दिसतंय ते सांग. ते छान जमतं तुला.”

तिने डोळे पुसले. घसा साफ केला.

“नमस्कार मंडळी,” ती म्हणाली. “ग्रेलिंगमध्ये लख्ख ऊन पडलंय. व्हर्मेट डबक्याच्या पलीकडे उभा आहे. दाढी केलेली नाही. समालोचक अलीकडे उभ्या आहेत आणि त्यांची अवस्था... फार वाईट आहे. जानेवारीपासून वाईट आहे. त्यांना झोप नाही. तो वर बघायचा तेव्हा त्यांना संघांची नावं आठवायची नाहीत. तो आता आपल्या गावी चाललाय, आणि त्याने जाऊ नये असं त्यांना वाटतंय, पण तसं म्हणायचा त्यांना हक्क... अरे, व्हर्मेट पुढे येतोय! डबक्यातून! बूट भिजले, मंडळी, दोन्ही बूट भिजले... तो अगदी समोर आलाय... त्याने हात... हात...”

“गरम आहेत?” त्याने विचारलं. तिचे दोन्ही गाल त्याच्या तळव्यांत होते.

“खूप,” ती पुटपुटली. आणि पुढचं प्रसारण बंद पडलं.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. “पोचलास की फोन कर मला.”

“नाही करणार.”

“म्हणजे?”

“कुठे पोचू? आई एकटीच चाललीये पिकअप घेऊन. मी इथेच आहे. डोरीन आंटीला पेरणीला माणूस हवाय, कालच ठरलं. उन्हाळाभर. सप्टेंबरात विद्यापीठ सुरू होईल, हॅलिफॅक्सला, त्यांच्या संघाने घेतलंय मला. ते लांब आहे, माहितीये. त्याचं काय करायचं ते दोघं मिळून बघू.”

लारिसा त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने त्याच्या छातीवर जोरात बुक्की मारली.

“हे आधी सांगता येत नव्हतं? मी इथे रडतेय, झोप नाही म्हणतेय, भर चौकात...”

“सांगणार होतो गं,” तो म्हणाला. बुक्की लागली होती तरी त्याचं हसू मावत नव्हतं. “पण तू इतकं छान बोलत होतीस... मधेच तोडवेना.”